नीळ विरघळत नाही

आमच्या घरात माणूस आधी पत्रक छापतो, मग विचार करतो. वडिलांनी जन्मभर पत्रकं वाटली: नळाच्या पाण्यासाठी, दारूबंदीसाठी, शाळेतल्या मराठी तासासाठी. मी त्यांवरच वाचायला शिकले. म्हैसूरमधल्या आमच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत मी रविवारी मुलांना विज्ञान शिकवू लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पत्रक काढलं: ‘मीठ, साखर, नीळ: पाण्यात विरघळणारे तीन पदार्थ.’

सातवीतली एक मुलगी ते वाचून म्हणाली, “अक्का, नीळ विरघळत नाही. आमचे आजोबा सांगायचे.”

“पाणी निळं होतं ना? मग विरघळली.”

“मोठी आली रंगारीण,” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसले.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिची आई भाजी घेताना भेटली. म्हणाली, “विज्ञान मला कळत नाही, म्हणते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातून नाव काढून घेणार आहे.”

अधिकाराच्या जोरावर दुसऱ्याचं तोंड बंद करणाऱ्यांवर मी चार पत्रकं लिहिली आहेत. त्या दिवशी भाजी न घेताच मी काकांकडे गेले. काका आमच्या घरातले शेवटचे रंगारी. आता झेरॉक्सचं दुकान चालवतात. माझं पत्रक त्यांच्याच मशीनवर निघालं होतं.

“काका, तुम्ही वाचलं नव्हतं?”

“वाचलं की. म्हटलं, शिकलेली पोरगी, काही नवीन निघालं असेल.”

त्यांनी दोन ग्लास पाणी घेतलं. एकात मीठ ढवळलं, दुसऱ्यात नीळ, आणि म्हणाले, “आता हात लावू नकोस. उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी निळीचा गाळ तळाशी बसला होता आणि वरचं पाणी फिकं झालं होतं. मिठाचं पाणी वरून चाखलं, तळाचं चाखलं, सारखंच खारट. विरघळणं म्हणजे हेच. पदार्थाचे कण इतके सुटे होतात, पाण्याच्या कणांत असे पसरतात, की ते दिसत नाहीत, गाळले जात नाहीत, कितीही दिवस ठेवले तरी खाली बसत नाहीत. नीळ काल फक्त तरंगत होती.

“मग कापड कसं रंगायचं?”

“चुना, गूळ घालून माठ आंबवायचा. पाणी पिवळट हिरवं झालं की समजायचं, आता विरघळली. त्यात कापड बुडवून बाहेर काढलं की वाऱ्यावर निळं होतं. छापायच्या आधी एकदा बुडवून बघायचं होतंस, बाई.”

दोन्ही ग्लास घेऊन मी त्या मुलीच्या घरी गेले. तिने ग्लासांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुझं बरोबर होतं.”

“हे इथे सांगून काय उपयोग? हसले ते वर्गात.”

तिचं खरं होतं. रविवारी मी वर्गासमोर चूक कबूल केली, पत्रकावरची ‘नीळ’ सगळ्यांना खोडायला लावली आणि खडू तिच्या हातात दिला. पहिली दोन वाक्यं ती फळ्याकडे तोंड करून बोलली. मग वळली.

“खडूची भुकटी विरघळते का गं?” रंगारीण म्हणून चिडवणाऱ्यानेच विचारलं.

“गोत्तिल्ला,” ती सरळ म्हणाली. माहीत नाही. “पाणी आण. सोमवारी प्रदर्शनासाठी पुन्हा नाव द्यायचंय, त्याआधी बघून टाकू.”

तो पाणी आणायला उठला.