काकांचं होम हलवलं तेव्हा

डिचोलीला एका खाण कंपनीच्या कचेरीत मी कॉम्प्युटर बघायची. गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. युनिक्सचं एक मोठं यंत्र, त्याला जोडलेले चार काळे पडदे आणि सगळं काम कमांड टाइप करून. यंत्रात प्रत्येकाचा एक कप्पा असे, त्याला 'होम' म्हणत. लॉगिन केलं की माणूस थेट आपल्या होममध्ये.

शेजारी टपालाचे कारकून बसत. सावंतवाडीकडचे, निवृत्तीला आलेले. मी त्यांना काका म्हणे. आधी त्यांनी कॉम्प्युटरला नाक मुरडलं आणि मग असे चिकटले, की जेवणाच्या सुट्टीतही उठेनात. मी जवळ गेले की पडदा हाताने झाकत. "कंपनीची पत्रां!"

जुनी डिस्क भरली, नवी आली. सगळ्यांची होम तिच्यावर न्यायचं काम माझ्याकडे. शनिवारी मी ऐटीत एकेकाच्या होमचा पत्ता बदलला आणि सर्वणला घरी गेले. आतल्या फायलीही हलवायच्या असतील तर कमांडला तसं वेगळं सांगावं लागतं, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. पान उलटायचे कष्ट मी घेतले नव्हते.

सोमवारी सगळ्यांच्या आधी काकांनी लॉगिन केलं. होम सापडत नाही, असं सांगून यंत्राने त्यांना भलतीकडेच, स्वतःच्या 'बिन', 'डेव' अशा नावांच्या कप्प्यांपाशी नेऊन सोडलं.

"गो बाय, माझा घर खय गेला? हय बिन काय, डेव काय, भलतीच कोण कोण ऱ्हवतत!"

"पत्रंच ना काका? परत टाइप करून देते."

त्यांनी चष्मा काढला. "पत्रां नाय गो. नाटक आसा. आमच्या जत्रेचा. तीन अंक."

मला हसू आलं, पण आधी मी शोधाशोध सुरू केली. नशीब, जुन्या डिस्कवर तिन्ही अंक जागच्या जागी होते, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मी ते नव्या जागी कॉपी केले. काकांनी एक ओळ सुधारली, तर यंत्र ती ठेवून घेईना.

"मालकी तुमच्या नावावर करायची राहिली, काका."

"मगे कर! काय तलाठ्याकडे जावचा लागतला?"

आणखी एक कमांड, आणि नाटक त्यांचं झालं. पण काका म्हणाले, "आता सगळा कागदार काढ. तुझो भरवसो नाय."

प्रिंटर तासभर करकरत राहिला. आवाज ऐकून साहेब आले. कोल्हापूरचे, कडक. त्यांनी एक पान उचललं, मग दुसरं. काका भिंतीला टेकले.

"ह्यातल्या राजाचं काम कुणाला दिलंय?" साहेबांनी विचारलं.

राजा आधीच ठरला होता. साहेबांना प्रधान मिळाला. तालमीत त्यांना वाक्यं आठवत नसत, आणि काका चारचौघांत त्यांना असे झापत, की मला मान खाली घालून हसावं लागे.