टीव्हीतला पाऊस

वसमतजवळच्या आमच्या शाळेच्या मैदानात फाल्गुनात गावाची शिजवलेली हळद वाळत पडते. तिच्या राखणीला एक म्हातारबा कडुलिंबाखाली बसायचे. मधूनच उठून हळद खालीवर करायचे, पुन्हा बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा तिसरीच्या वर्गात मी हवामानबदलाचा व्हिडिओ लावला. टीव्हीत ढग गडगडले आणि खिडकीबाहेर म्हातारबा ताडपत्री ओढत हळदीकडे धावले. डोक्यावर रखरखीत ऊन होतं. पोरं खिदळली.

म्हातारबा खिडकीशी आले. रागावले नव्हते.

"पहिले आमी आभाळ पाहून उठत व्हतो, गुर्जी," दम खात ते म्हणाले. "आता अवकाळी असा येतो, आभाळ पाहायला येळच भेटत न्हाई."

व्हिडिओ चालूच होता, पण पोरं त्यांच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला व्हिडिओ लावण्याआधीच एक मुलगी खिडकीशी गेली. "आबा, टीव्हीतला पाऊस हाय. उठू नका."

त्यांनी मान डोलावली. तरी तास संपेपर्यंत ताडपत्रीचं टोक त्यांच्या मुठीतच होतं.