सत्तेचाळीस नंबरची नोंद

आधीच सांगून टाकतो – भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचतो, पण त्यांच्यावर विश्वास ठेवणं कधी जमलं नाही. भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाला जमिनीखाली खडक दिसतो, भूत दिसत नाही.

२००४च्या आसपासची गोष्ट. चंद्रपूरच्या एका कार्यालयात मी कंत्राटी नोकरीवर होतो. इंटरनेटवरच्या तीन वेगवेगळ्या साइट्सवरून जुन्या विहिरी-बोअरची माहिती उतरवायची, एका तक्त्यात जुळवायची आणि नकाशावर ठिपके काढायचे, एवढंच काम. उद्घाटनाला मात्र पाहुण्यांनी कॉम्प्युटरला हार घातला, माऊसला कुंकू लावलं. तेवढ्यात वीज गेली. भाषण चालूच राहिलं. त्याला वीज लागत नव्हती.

नकाशाचा पहिला खरा उपयोग मुलचेऱ्याजवळच्या एका गोंड वस्तीत व्हायचा होता. तिथल्या हँडपंपाच्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात तपकिरी, काहींचे पाय वाकायला लागलेले. मंजुरी एकाच बोअरची, दोनशे फुटांपर्यंत. ती कोरडी गेली की गाडी पुढच्या गावाला आणि ही वस्ती पुन्हा अर्जांच्या रांगेत.

वस्तीच्या हद्दीत नकाशावर एकच ठिपका होता – नोंद क्रमांक ४७. खोली अठ्ठावन्न मीटर, खडकात भेग, पाणी पिण्यायोग्य. जीपीएस घेऊन गेलो, तर ती जागा निघाली उघड्या टेकाडावर. जुन्या बोअरची खूण म्हणावी तर पाइपचा तुकडाही नाही...

बोअरच्या गाडीचे मिस्त्री, मूल गावचे रहीमभाई, खडकावर टाच आपटून म्हणाले, "साहेब, मशीन काय, कुठी बी भोक पाडते. पण इथी काऊन? नाला तिकडं, अन् तुमी टेकडावर पाणी शोधून राह्यले!"

"नकाशात इथंच आहे," मी म्हणालो. ते मलाच पटत नव्हतं.

"कागदावर तर माझी उमर बी चाळीस आहे."

वस्तीतल्या सोमीबाई पुढे आल्या. "नाल्यापाशी दोनदा खोदलं, भाऊ. दोन्ही खेपेला तेच पाणी. माह्या नातीचे पाय पाह्यले ना तुमी? आता जिथी नाई खोदलं, तिथी खोदा."

त्यांनी मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि गोंडीत त्या जमिनीची परवानगी मागितली. रहीमभाईंनी बिस्मिल्ला म्हटलं. मी तक्ता पुन्हा एकदा वाचला. ज्याचं त्याचं.

शंभर फुटांना धूळ. दीडशेला धूळ. एकशे ऐंशीला रहीमभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नकाशाची घडी घालून खिशात टाकली. सोमीबाई जागच्या हलल्या नाहीत. आणि एकशे नव्वदला – म्हणजे बरोबर अठ्ठावन्न मीटरला – धूळ थांबली, आधी चिखल उडाला, मग पांढरं पाणी. रहीमभाई नखशिखांत भिजले.

"कागद खरा बोलला ना, साहेब!" ते हसत ओरडले. "आता माझी उमर बी चाळीसच लिवा!"

प्रयोगशाळेच्या तपासणीत पाणी चांगलं निघालं. मी खूश होऊन अहवाल लिहायला बसलो. त्यात एक रकाना होता – माहितीचा स्रोत. ४७ कुठल्या साइटवरची, ते बघायला गेलो, तर तिन्हींवर ती नव्हती. उतरवून ठेवलेल्या मूळ फाइलींतही नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्या गावची नोंद चुकून इकडे सरकली असेल म्हणून सगळं धुंडाळलं. तेवढ्या खोलीवरची भेग आख्ख्या तालुक्यात एकाही विहिरी-बोअरच्या नावावर नव्हती. मीच टंकली म्हणावं, तर अठ्ठावन्न हा आकडा मला कुठून सुचला? योगायोग म्हणा. मीही बरेच दिवस तेच म्हणत होतो.

स्रोत नसलेल्या नोंदी खोडा, असा वरून आदेश आला. खोडण्याआधी वस्तीत गेलो. सोमीबाई नव्या पंपावर भांडं घासत होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"पाणी येऊन राह्यलं ना?"

"येतंय."

"मंग खोडता काऊन?"

परत येऊन स्रोताच्या रकान्यात लिहिलं – 'प्रत्यक्ष पाहणी'. ते खोटं नव्हतं. फक्त पाहणी नंतरची होती आणि नोंद आधीची. ती आधी कोणी केली, ते मला आजही माहीत नाही.