बायोडेटातलं सायकलिंग

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता मी इथे परदेशात, घराजवळच्या पासिर रिस या समुद्रकाठच्या पार्कमध्ये सायकलवरून पडले. वय वर्षं सत्तेचाळीस, डोक्यावर मुलीचं हेल्मेट आणि समोर रस्ता पूर्ण मोकळा... म्हणजे दोष द्यायलाही कोणी नाही.

त्याचं असं झालं. माझ्या नवऱ्याला, संदीपला, दोन वर्षांपासून सायकलचं वेड लागलंय आणि सप्टेंबरच्या सुट्टीत आम्ही फ्रान्सला जाणार आहोत. आयफेल टॉवर वगैरे काही नाही. एका जुन्या कालव्याच्या काठाने चार दिवस सायकल चालवायची, बस्स.

महिनाभर रोज जेवणानंतर तो मला नकाशा दाखवतोय. पूर्वी या वाटेवरून घोडे चालायचे आणि दोरखंडाने बोटी ओढायचे, आता तिथे फक्त सायकली. मोटारींना बंदी, चढ औषधालाही नाही, एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला क्षितिजापर्यंत शेतं. रोज चाळीस किलोमीटर. "तुझा तर छंदच आहे, तुला काय अवघड," असं तो म्हणतो आणि मी ताटं उचलून आत जाते.

कारण मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती.

आमचं लग्न रीतसर कांदेपोहे होऊन ठरलं. माझ्या बायोडेटात लिहिलं होतं, 'छंद : वाचन, सायकलिंग, बागकाम'. संदीपने विचारलं, "गिअरची की साधी?" मी "साधी" म्हणाले आणि पोह्यांची डिश पुढे केली. एकवीस वर्षं ते तसंच राहिलं... इथे पार्कात सगळ्यांनी सायकली भाड्याने घ्यायचं ठरवलं, की माझा गुडघा दुखायला लागायचा.

तो बायोडेटा लिहिला होता माझ्या बाबांनी. आणि मला सायकल न देणारेही तेच. मी दहा वर्षांची असताना चिंचवडला दादाला नवी सायकल आली, तेव्हा मी आठवडाभर हट्ट केला होता. बाबा म्हणाले होते, "पडलीस, तोंडाला काही लागलं, तर उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं?" विषय संपला. पुढे लग्नासाठीच त्यांनी 'सायकलिंग' लिहिलं, तेव्हा मला इतका संताप आला होता! पण बोलले नाही. आमच्या घरात मुली बोलायच्या नाहीत.

तर गेले तीन शनिवार मी चोरून शिकतेय. संदीप त्याच्या ग्रुपबरोबर पहाटेच बाहेर पडतो. मग मी आणि माझी तेरा वर्षांची लेक इरा, अ‍ॅपवरची भाड्याची सायकल घेऊन पार्कात. ती मागून इथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडत असते, "मम्मा, डोन्ट लुक डाउन लाह!"

आई गेल्यापासून बाबा दरवर्षी महिनाभर आमच्याकडे येतात. गेल्या शनिवारी म्हणाले, मीही येतो फिरायला. नाही कसं म्हणणार... ते समुद्राकडे तोंड असलेल्या बाकावर बसले आणि मी त्यांच्या डोळ्यांदेखत आपटले. कोपर आणि गुडघा, दोन्ही सोलवटले.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण रुमाल काढून जवळजवळ पळतच आले. "अगं, कशाला हे आता? हात मोडला म्हणजे?" आणि माझं डोकंच फिरलं. सदतीस वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"दहाव्या वर्षीही हेच म्हणालात! मग बायोडेटात कशाला लिहिलंत? मला येत नाही हे माहीत होतं ना तुम्हाला?" मी इतकी मोठ्याने बोलले, की शेजारी व्यायाम करणाऱ्या दोन चिनी आज्या थांबून बघायला लागल्या.

बाबा रुमालाची घडी घालायला लागले. मग म्हणाले, "माहीत होतं. पण तू आमच्याकडे हट्टाने एवढी एकच गोष्ट मागितली होतीस. मला द्यायचं धाडस झालं नाही. म्हटलं, लिहून ठेवावं... वाचून तुझ्या सासरचं कोणीतरी घेऊन देईल."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला. स्वतः द्यायची ती गोष्ट त्यांनी कागदावर लिहून पुढच्या घरी पाठवली होती, आणि मी समजत होते की ती स्थळासाठी मारलेली थाप आहे.

इराने सायकल उभी केली. मी बसले. बाबांच्या ओठांवर आलेलं 'सांभाळून' मला दिसलं, पण ते बोलले नाहीत. मी निघाले... वळणापर्यंत, मग पुलापर्यंत. वळता येईना म्हणून उतरून सायकल फिरवली आणि परत आले. ते सोडलं तर एकदाही पाय टेकला नाही.

संध्याकाळी संदीपला सगळं सांगितलं. आधी तो पोट धरून हसला, आणि मग लॅपटॉप उघडून रोजच्या चाळीसचे पंधरा किलोमीटर करायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, वीस कर.

बाबांवरचा राग पूर्ण गेला असं नाही म्हणणार. त्या दहा वर्षांच्या मुलीच्या वतीने माफ करायचा अधिकार मला आहे का, तेही कळत नाही. पण आज सकाळी साडेसहाला मी खोलीतून बाहेर आले, तर बाबा बूट घालून दारात उभे होते. म्हणाले, "चल, आज वळायला शिकू."