वाढप्यानं आधी खायचं नसतं

आमच्या केवळाबाईच्या हातची येसराची आमटी खायला चाकूरची माणसं आमंत्रण नसलेल्या लग्नात बी शिरतात. नवरा हाय म्हून कौतुक करायलोय असं समजू नका, कुणालाबी विचारा. बाई पदर खोचून चुलीपाशी उभी राहिली की नवरीचा बाप निवांत घोरतो.

अन अशा आचारणीचा सख्खा नातू, शिवांश, वय वर्षं चार, तिच्या हातचा एक घास गिळंना!

सूनबाई पुनम नर्सिंगच्या कोर्सला लातूरला गेली, पोरगं आमच्यापाशी ठेवून. जाताना लई रडली. "आत्याबाई, हा जेवला न्हाई तर मी कोर्स सोडून येते बगा."

"अगं जा!" केवळाबाई म्हणली. "गाव जेवू घालते मी. हे एवढंसं टिल्लू काय चीज हाय?"

टिल्लूनं दाखवलं काय चीज हाय ते. धपाटे केले तर म्हणतंय, "ह्याच्यात हिरवं हाय." बाईनं कोथिंबीर वेचून काढली तर, "आता भोकं पडली." वांगं केलं तर, "ते माझ्याकडं बघून राहिलंय." वांगं! मी ताटावर वाकून बघितलं, मला तर काय डोळे दिसले न्हाईत. भात कालवला तर का कालवला, न्हाई कालवला तर का न्हाई कालवला. कुरकुरे मात्र पुडा फाडून चाटायचं.

अन पोरानं टाकलेलं जायचं कुठं? माझ्या ताटात! "अन्न वाया जाऊ द्यायचं न्हाई," म्हणत बायको वाढायची. पायजम्याची नाडी पुरंना मला.

मंग खेळ सुरू झाले. मी बैल झालो, उंट झालो. एक दिवस अंगणात बेडूक होऊन उड्या मारायलो तर दारात ताहेरभाई उभा, मंडपवाला, भांड्यांचं विचारायला आलेला. "भुजंगभाऊ, तबियत ठीक है ना?"

"घास भरवायलोय."

त्यानं मान हलवली. त्याच्या बी घरात लेकरं हायत.

पण बेडूक बघून पोरगं हसलं, अन हसल्याबरोबर केवळाबाईनं घास आत कोंबला. आम्ही दोघं खुश. पोरानं तो गिळला व्हय? गालातच ठेवला. अंघोळ केली, विटी-दांडू खेळला, घास गालातच.

संध्याकाळी पुनमचा व्हिडिओ कॉल आला. "जेवला का ओ?"

"जेवला की, ताटभर!" केवळाबाईनं ठोकून दिलं.

"अगंबाई, गाल बी वर आलेत की! परवा येते मी. माझ्यासमोर जेवू द्या त्याला. न्हाई जेवला तर मी काय परत जात न्हाई."

फोन ठेवला अन केवळाबाई खालीच बसली. "पोरीचा कोर्स बुडतो बगा माझ्यापायी. गाव जेवतं अन घरचं लेकरू उपाशी. कसली आचारीण मी, सांगा!" मी पोराचा उरलेला भात खाल्ला.

परवा म्हणजे नेमका सिद्धलिंगअप्पाच्या घरभरणीचा दिवस. स्वयंपाक आमच्याच बाईचा. पुनमला तिकडंच ये म्हणलं अन पोराला संगं घेतलं. पंगत बसली तसं ते सगळ्यांच्या पायात यायलं, म्हून कुणीतरी त्याच्या हातात मिठाचं ताट दिलं. मीठ वाढायचं काम आमच्याकडं लेकरांचंच असतंय. साहेब एकदम कामाला लागले! एकेका पानावर वाकून, "घ्या, घ्या, लाजू नका," म्हणत मीठ वाढायले.

मधीच त्याचा हात बुंदीच्या परातीत गेला. केवळाबाई आमटीत गुंतलेली. सवयीनं वरडली, "ए! वाढप्यानं आधी खायचं नसतं!"

अन लगेच जीभ चावली. एका घासासाठी ज्याच्या पाया पडत होती, त्याच्याच हातातली बुंदी हिसकली बयेनं! मी कपाळावर हात मारला.

पण पोरगं रडलं न्हाई. दर पंगतीला विचारायलं, "आता आपण का?"

"अजून न्हाई. वाढपी शेवटी."

शेवटी वाढप्यांची पंगत बसली. शिवांश मांडी घालून बसला, समोर भरलेलं पान. तेवढ्यात पुनम आली, खांद्याला बॅग. पोरानं पुरी मोडली, आमटीत बुडवली, तोंडाशी नेली... अन थांबला.

"आज्जी वाढपी न्हाई का? ती का बसली न्हाई?"

"मला भूक न्हाई, राजा. फोडणीच्या वासानंच पोट भरतंय."

खरंच हाय ते. लग्न झाल्यापासून बघतोय, ही बाई पंगतीला बसली न्हाई कधी. घरी येऊन कपभर चहा पिती अन आडवी होती.

पोरानं पुरी खाली ठेवली. "मंग मी बी न्हाई."

"अरे, घरी जाऊन खाते मी."

"घरी कुरकुरे हायत," पोरगं म्हणलं.

"अरे, आमटी लई तिखट हाय."

"मीठ लाव."

"ओ, सांगा की ह्याला!" ती माझ्यावर वरडली. मी काय सांगू? घरात जेवायची खरी नाटकं कोण करतंय ते मला तवा कळालं. पुनम पुढं आली, सासूचा हात धरून खाली बसवलं. शिवांशनं दोन्ही हातांनी पळी धरून तिच्या पानात आमटी ओतली, निम्मी तिच्या लुगड्यावर.

"घ्या, घ्या, लाजू नका!"

केवळाबाईनं घास घेतला. पोरानं बी घेतला. गालात न्हाई ठेवला, गिळला! मंग दुसरा, मंग बुंदी, मंग वांगं बी, त्याच्याकडं बघणारं.

पुनमनं डोळे पुसले. "उद्या सकाळच्याच गाडीनं परत जाते मी," म्हणली.

मी सवयीनं पोराच्या पानाकडं बघितलं. काहीच उरलेलं न्हाई. केवळाबाईच्या पानातली आमटी बी संपली होती. तिनं बोट चाटलं अन माझ्याकडं बघितलं, लई नवल वाटल्यागत.

"आवं," म्हणली, "आमटी चांगली होती की ओ माझी!"