मुळ्याचं पाणी

सांगलीहून मी निघाले त्या सकाळी दारात भाड्याची सुमो उभी होती आणि माझी बॅग रद्दीवाल्याच्या काट्याला लटकत होती. काटा बाबांनी कोपऱ्यावरून मागून आणला होता. विमान कंपनीच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता; सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे दुसऱ्याने केलेल्या कुठल्याच मोजमापावर नव्हता. बॅग जड भरली. बाबांनी आत हात घालून आईने ठेवलेली किसणी बाहेर काढली.

"किसण्या तिकडंही मिळतात," ते म्हणाले.

"मिळत असतील," आई म्हणाली. "मुळा मिळतो का ते बघा आधी."

किसणी मागे राहिली, मी गेले. दारात जमलेल्या शेजारणींची थोडी निराशा झाली असावी, कारण कुणी रडलं नाही. सगळ्यांचं लक्ष काट्याकडे होतं.

मी पोहोचले ती रीडिंगला. नवरा, उदय, आधीच तिथे होता. गावाचं नाव लिहितात तसं वाचायचं नसतं. तिथले लोक रेडिंग म्हणतात आणि आपण चुकलो तर दुरुस्त न करता फक्त एक पापणी हलवतात. आपली माणसं मात्र रीडिंगच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. उदय ट्रेनने लंडनला जायचा, मी एम-फोर महामार्गाच्या कडेला असलेल्या एका काचेच्या ऑफिसात बसायचे. घर सेमी-डिटॅच्ड होतं. म्हणजे एका भिंतीने दुसऱ्याला चिकटलेलं आणि बाकीच्या तीन बाजूंनी सुटलेलं. परदेशी राहणाऱ्या माणसासाठी इतका नेमका शब्द इंग्रजांनी घराला वापरून वाया घालवला आहे.

इथे आलेल्या बहुतेकांच्या आठवणीत पहिला बर्फ असतो. माझ्या आठवणीत पहिला मुळा आहे. सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत लाल गोट्या होत्या आणि वर रॅडिश असं लिहिलं होतं. आईला फोनवर सांगितलं, "मुळा मिळतो, पण गोटीएवढा."

"मग किसणी राहिली ते बरं झालं," ती म्हणाली. "बोटं किसली असती."

पुढे ऑक्सफर्ड रोडवरच्या पंजाबी दुकानात मनगटाएवढे पांढरे मुळे सापडले. पण तोवर आम्हाला मुळ्याची गरज उरली नव्हती. एका बोलमध्ये पास्ता किंवा खिचडी घेऊन टीव्हीसमोर बसणाऱ्यांच्या ताटाला डावी बाजू नसते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर हा सगळा डावीकडचा प्रांत मी विमानतळावरच कुठेतरी सोडून आले होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तिसऱ्या वर्षी आई गेली. मी सांगलीला गेले, करायचं ते सगळं केलं आणि परतताना बाबांना घेऊन आले. व्हिसा सहा महिन्यांचा होता, पण मनात कायमचं होतं. बाबांना साधा वरणभात लावता येत नव्हता. चाळीस वर्षं ते ताटावर बसले होते आणि ताट समोर आलं होतं. सांगलीच्या रिकाम्या घरात ते एकटे काय खातील, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं: इथे राहतील आणि मी देईन ते खातील. हळूहळू तिकडचं घर विकायचं, पुढच्या व्हिसाचं बघायचं. मी हे त्यांना बोलले नव्हते. त्यांनी ओळखलं होतं.

रीडिंगमध्ये बाबा दोन घास खायचे आणि म्हणायचे, "छान आहे." भाजी छान, आमटी छान, पावसाळी हवा छान, समोरच्या म्हाताऱ्याचं कुत्रंही छान. या माणसाने आयुष्यात कशालाच इतक्या वेळा छान म्हटलं नव्हतं. त्यांची पँट कमरेला सैल होत चालली, आणि मी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायच्या विचारात होते.

आमच्या घराला चिकटलेल्या अर्ध्या घरात एक कोरियन कुटुंब राहायचं. नवरा एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होता, बायकोचं नाव युनमी. बाबांनी ते एकदा ऐकलं आणि मनात यमुना असं नोंदवून टाकलं. ती पंचेचाळिशीची असेल, म्हणून वर बाई लावलं. एका दुपारी यमुनाबाई मागच्या दाराने एक डबा देऊन गेल्या. आत काड्यांसारखा बारीक चिरलेला, लालभडक मुळा होता, वर तीळ.

मी तो ताटात कुठे वाढावा याचा विचार न करता डावीकडे वाढला. बाबांनी एक काडी उचलली, चावली, थांबले.

"हे पिळलेलं नाही," ते म्हणाले.

आल्यापासूनचं त्यांचं पहिलं मत. मी चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"पाणी काढलेलं नाही मुळ्याचं. मीठ लावून पिळून घ्यायचा असतो. तुझी आई घ्यायची." आणि हे बोलत बोलत त्यांनी डबा संपवला, दोन पोळ्यांबरोबर. संध्याकाळी युनमीने भिंतीपलीकडून येऊन हसत सांगितलं की त्यात थोडा फिश सॉस होता. बाबा शुद्ध शाकाहारी. त्यांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं.

"खाऊन झाल्यावर सांगतात का कुणी असं?" ते मला म्हणाले. "पुढच्या वेळी सॉस नको म्हणावं."

मी 'पुढच्या वेळी' हे दोन शब्द ऐकले आणि अपॉइंटमेंटचा विचार सोडून दिला.

पुढची वेळ आमच्याच स्वयंपाकघरात आली. युनमी शिकवायला आली, बाबा खुर्ची ओढून ओट्याशी बसले. तिची पद्धत सोपी होती. मुळा सोलायचा, किसायचा नाही, सुरीने काड्या करायच्या. आधी कोरियन तिखट चोळायचं, म्हणजे रंग धरतो. मीठ नंतर, कारण मीठ लागलं की मुळा पाणी सोडतो आणि मग रंग वरवर तरंगत राहतो. मग साखर, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, भाजलेले तीळ. फिश सॉसच्या ऐवजी मिठाची चिमूट जास्त. फोडणी नाही, गॅस पेटवायचासुद्धा नाही.

"मॅडम," बाबा म्हणाले. त्यांचं इंग्रजी खात्याच्या टिपणांमधलं होतं. "वॉटर मस्ट बी रिलीज्ड."

"नो, नो, बाबा." मी त्यांना बाबा म्हणते हे ऐकून तिनेही तेच धरलं होतं. "वॉटर इज टेस्ट."

"एक्सेस वॉटर. डिस्चार्ज."

"नो डिस्चार्ज!"

बाबांनी मुठीत मुळा घेऊन पिळून दाखवला. यमुनाबाईंनी दोन्ही हात गालांना लावले, जणू त्यांनी मांजराचं पिल्लू पिळलं होतं. पाणी अडवा, पाणी जिरवा, असं भिंतींवर रंगवून घेणाऱ्या खात्यातून हा माणूस निवृत्त झाला होता, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"तो वेगळा विषय आहे," बाबा म्हणाले.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा दोन पातेली होऊ लागली, एक न पिळलेलं आणि एक पिळलेलं. मी मुळे आणून देत होते. बाबा स्वतः सोलत होते, चिरत होते, सुरुवातीला बोटाएवढे जाड, मग काडीएवढे. पँट पुन्हा कमरेला बसू लागली. मला वाटलं, जमलं आपलं.

मग एक दिवस ते मुळा पिळून ते पाणी सिंकमध्ये ओतत होते, आणि मला काहीतरी खटकलं. आई ते ओतत नसे.

"बाबा, आई ते पाणी प्यायची."

"टाकायची."

"नाही हो. वाटीत काढायची आणि ओट्याशी उभ्याने प्यायची. 'चव सगळी ह्यात असते' म्हणायची. 'पण तुझ्या बाबांना उग्र वास चालत नाही.'"

बाबांनी हातातली मूठ तशीच ठेवली. "मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. मग सिंककडे बघत, "मी ताटावर असायचो ना." मूठ उघडून त्यांनी मुळा पातेल्यात टाकला आणि हात धुवायला गेले. त्या दिवसानंतर आमच्या घरात एकच पातेलं झालं, न पिळलेलं. यमुनाबाईंना वाटलं, त्यांनी वाद जिंकला. मी तसंच वाटू दिलं.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गळ्यात उपरणं आणि खिशात भाषण घेऊन जन्माला आले असावेत. त्यांनी संस्कृती सातासमुद्रापार नेण्याबद्दल सांगितलं, जणू ती बोटीत विसरली होती आणि ते स्वतः पोहत जाऊन घेऊन आले. घरून एकेक पदार्थ आणायचा होता. बाबांनी मुळा आणला. अध्यक्षांनी चव घेतली, डोळे मिटले आणि माइक हातात घेतला.

"ही पाहा, मंडळी! ही खरी आपल्या सांगलीकडची, अस्सल, चुलीवरची चव!"

या पदार्थाने गॅसचीही ज्योत पाहिली नव्हती. टाळ्या पडल्या. युनमी पाहुणी म्हणून आली होती. तिने विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, फार आवडलं म्हणाले. नंतर अध्यक्ष बाबांजवळ आले. "काका, आता इथेच राहा. ज्येष्ठ नागरिक कट्टा सुरू करतोय. तुम्ही उपाध्यक्ष."

"कट्ट्यावर काय करायचं?" बाबांनी विचारलं.

"बसायचं!"

बाबांनी छान आहे असं म्हटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

जानेवारीत एका रविवारी जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "तिकीट आहे त्या तारखेचंच राहू दे. जातो मी."

"आणि खाणार काय?"

"खानावळीचा डबा लावतो. पोळी, भाजी, आमटी, भात, सगळं असतं त्यात. फक्त डावी बाजू नसते." त्यांनी बोटाने ताटातला मुळा दाखवला. "ती आता माझी मी करीन."

मी पुष्कळ बोलले. थंडी संपेल, बाग फुलेल, तिकडे रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लोकांच्या तक्रारी ऐकायची त्यांना सवय होती. मग म्हणाले, "घर रिकामं आहे म्हणून आलो होतो. आता तिथं काय करायचं ते कळलंय."

रात्री भांडी पुसताना उदय म्हणाला, "बरं झालं पोळ्या नाही शिकवल्या. ख्रिसमसलाच गेले असते." मी हसले, कारण दुसरं काय करणार. त्यांना इथे ठेवायचं म्हणून मी जो मुळा आणत होते, त्यानेच त्यांना जायला मोकळं केलं होतं.

निघायच्या दिवशी बॅग बाथरूममधल्या काट्यावर ठेवली. जड भरली. आत यमुनाबाईंनी लंडनजवळच्या न्यू मॉल्डनमधल्या कोरियन दुकानातून आणून दिलेलं तिखटाचं पाकीट होतं, उशीएवढं. मी ते बाहेर काढलं.

"तिखट तिकडंही मिळतं, बाबा."

"मिळत असेल," ते म्हणाले, आणि पाकीट परत आत ठेवून स्वेटर काढला.

यमुनाबाई दारात आल्या, कमरेत वाकल्या. बाबांनी नमस्कार केला, तर त्या पुन्हा वाकल्या, म्हणून त्यांनी पुन्हा केला. "कम टू सांगली," ते म्हणाले.

"येस, बाबा. आय ब्रिंग रॅडिश."

"रॅडिश वुई हॅव."

याला आता काही वर्षं झाली. बाबांचं ते पाकीट केव्हाच संपलं. ते ब्याडगी मिरची भाजून जाडसर कुटून घेतात आणि हेच मूळच्यापेक्षा जास्त चांगलं, असं कोरियाने मान्य करावं अशी त्यांची अपेक्षा आहे. सांगलीत त्यांच्या गल्लीत या पदार्थाला रीडिंगचा मुळा म्हणतात. युनमी तिच्या मैत्रिणींना वाढताना फिश सॉस नसलेल्याला सांगली म्हणते. आमच्या घरात तो बाबांचा मुळा. तिन्ही नावांत कोरियाचा उल्लेख नाही, आणि तिन्ही ठिकाणी तो ताटात नेमका कुठे वाढायचा हे मात्र माहीत आहे. (युनमीकडे भाताभोवती नुसत्या तोंडीलावण्याच्या वाट्या, म्हणजे तिच्या ताटाला सगळ्याच बाजू डाव्या, पण ते असो.)

तिकडे राहिलेले विचारतात, घरी कधी येणार? इकडे आलेले एकमेकांना विचारतात, घरी जाऊन आलात का? इतकी वर्षं झाली तरी घर म्हणजे सांगली आणि इथलं ते नुसतं हाऊस, हे दोन्ही बाजूंनी न बोलता ठरलेलं आहे. मी आता यावर वाद घालत नाही. रविवारी पास्ताऐवजी ताट घेते, डावीकडून वाढायला सुरुवात करते, आणि फोन लावते.

"मुळा केला का?"

"केला."

"पिळला?"

"नाही."

"मग डब्याच्या तळाला पाणी राहत असेल."

"राहतं की. ते प्यालो," बाबा म्हणतात, आणि वर जोडतात, "उभ्यानंच."