गच्चीची चावी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी होतो. फाइव्ह-जीचा अँटेना बसवायला आलेल्या टेक्निशियनला गच्चीची चावी मीच दिली होती. "काका, ॲम्ब्युलन्समधला पेशंट डॉक्टरला हॉस्पिटलात बसून दिसेल, एवढं फास्ट नेटवर्क येतंय," असं तो मला कौतुकाने सांगत होता.

रेडिएशनच्या भीतीने पेटलेले रहिवासी वर आले, तेव्हा तो सहज म्हणाला, "टेस्टिंग चालू आहे."

"आमच्यावर टेस्टिंग करतोस, भडव्या?"

लोखंडी पाइप त्याच्या तोंडावर बसला. दात फरशीवर पडले. "चावी या काकांनी दिली," तो ओरडला. सगळे माझ्याकडे वळले.

"खोटं बोलतोय," मी म्हणालो.

मग त्यांनी त्याचा हात मोडेपर्यंत मारलं.

हॉस्पिटलात त्याच्या बायकोने विचारलं, "कोण तुम्ही?" माफी मागायला गेलेला मी "चुकून आलो" म्हणालो आणि परत फिरलो.